तळाशी थोडं लागलंय

सुनेत्राची रात्रपाळी. पिठाचा डबा तळाला,
शाल्मली दप्तर टाकून दारातूनच, बाबा, काय आहे?

काय आहे?
खिळ्याला कॅम्पातल्या एर्मेलिंदाबाईंची सॉसेजची माळ,
लालभडक, ख्रिसमसपासून तशीच.
गणपत गल्लीतली एक ढबू, अर्धा कोबी,
आणि कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं पास्त्याचं पाकीट.

माळेतले सहा मणी तोडतो.
तेल घालायचं नाही, बाई बजावून गेल्यात,
ते आपलं आपणच सुटतं.
सुटतंच.
व्हिनेगरचा वास जिना चढतो
आणि वरच्या अक्कांच्या खिडक्या
एकामागोमाग एक लागतात.

कांदा. मग ढबू. कोबी हातानंच फाडलेला.
पास्ता कोरडाच ओतला, शेंगा ओतल्यासारखा आवाज,
वरून दोन तांबे पाणी, पाऊण तांबा जास्तच बहुतेक.
पाकिटावर लिहिलंय नऊ मिनिटं.
आमचा सिलिंडर संपत आलाय,
तेरा धरू.

शाल्मली ओट्याला लोंबकळत,
शाळेतल्या सुमंगलाच्या सुरात, आय्ता?
इन्नू इल्ला.
आय्ता?
अगं, इन्नू इल्ला म्हटलं ना.
मग झाकण काढलं तर चष्म्यावर सगळी वाफ,
ती हसते, मी आंधळा ढवळतो.

साडेनवाला वॉर्डातून फोन.
जेवलात? काय केलंस?
पास्ता.
कशात?
कढईत. सगळं एकातच.
तळाशी थोडं लागलंय.

पलीकडे कुणाचं तरी सलाईन संपल्याची हाक,
तिची चप्पल वाजते, आणि चालता चालताच ती सांगते,
घासू नकोस.
ते लागलेलं माझ्यासाठी ठेव.