अर्धी ओळ

जांबोटीच्या रस्त्याला लागून आमचं रताळ्याचं रान.
तांबडी माती, वेलांचा गुंता,
आणि काढणीच्या तिसऱ्या दिवशी
विळा वेलावरून घसरला तो थेट अंगठ्यावर.

जखम मोठी नव्हती.
पण रक्ताला काय,
ते बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून वाहतं.

भरमाण्णाकाका चंची सोडतच आला :
"तंबाखू दाब गा. निपाणीची हाय, जागच्या जागी बंद."
कुणी म्हणालं चहाची पूड,
कुणी तर मातीच उचलली.
मी बोट तोंडात घालायच्या बेतात.

मल्लव्वानं सगळ्यांचे हात झटकले.
बैलहोंगलाकडची बाई, मजुरीला आलेली,
मराठी तिची मोजून दहा शब्दांची.
"नीरु," म्हणाली. "मदल नीरु."
आधी पाणी.

प्यायची म्हणून राखलेली अर्धी बाटली
तिनं धार धरून ओतली,
माती निघेपर्यंत, चीक निघेपर्यंत.
मग भाकरीवरचं धुतलेलं फडकं,
त्याची आतली घडी बाहेर काढून
दाबली अंगठ्यावर, आणि हात नेला डोक्याच्या वर.
"हिडी. बिडब्याड."
धर. सोडू नको.

किती वेळ, हे विचारायला मला कन्नड नाही,
सांगायला तिच्याकडे घड्याळ नाही.
तिनं कुदळीनं पुढची ओळ दाखवली,
अर्ध्यावर एक ढेकूळ ठेवलं :
तिथंपर्यंत.

मी बांधावर, हात वर,
उत्तर येत असलेल्या पोरासारखा.
दोनदा फडकं उचलून बघायला गेलो,
दोनदा ती पाठमोरीच खाकरली.
तेवढ्यात जांबोटीची बस आली
आणि माझा हात बघून थांबली.
कंडक्टर दार उघडून उभा,
रानभर बायका हसतायत,
मी मानेनंच नाही, नाही.

कुदळ ढेकळाशी पोचली. रक्त थांबलेलं.
फडक्याची कोरडी पट्टी फाडून तिनं बांधली,
बोट निळं पडणार नाही इतपत.
मग दंडावर बोट टोचून दाखवलं : "सूजी."
गेलो संध्याकाळी खानापूरला,
धनुर्वाताचं घेऊन आलो.

त्या दुपारी सगळ्यांनी
भाकरी पाण्याशिवाय गिळली.
मल्लव्वानंही.

काका अजून म्हणतो,
तंबाखू लावली असतीस तर तीन दिवसांत.
जखम पाचव्या दिवशी मिटली.
नखांतला रताळ्याचा चीक मात्र, काळाकुट्ट,
दिवाळीपर्यंत हलला नाही.