बाजू बदलली की

कूलरच्या वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून
तिन्ही पुस्तकांवर एकेक वाटी ठेवलीय.

एक गुळगुळीत, चौरंगी, साडेअठराशेचं,
पानोपानी हसरं अस्वल शाबासकी देतं.
एक छापून आणून स्पायरल केलेलं,
उत्तरं मागे, कारणं कुठंच नाहीत.
तिसरं बर्डीच्या फुटपाथवरचं, चाळीस रुपयांत,
कुणा प. रा. मेंढे, आठवी ‘क’, यांच्या शाईसकट.

मित्रानं शाळा सोडली त्याला आठ महिने झाले.
तिचे बाबा विचारणाऱ्यांना अजून
‘सध्या घरीच असते’ म्हणून सांगतात.

“बाजू बदलली की चिन्ह बदलतं,”
मी वरणाला फोडणी देता देता म्हटलं.
“कायले?”
आम्हाला हे पट्टीनं शिकवलं होतं.
मी अस्वलाकडे पाहिलं. ते शाबास म्हणालं.

दुपारी मेंढेचं पुस्तक उघडं दिसलं.
तीन क्ष अधिक सात बरोबर बावीस.
त्यानं लिहिलेलं, तीन क्ष बरोबर एकोणतीस.
खाली तिची पेन्सिल:
दोन्हीकडून सात काढ ना बे.

“पलीकडं काहीच जात नाही, आई.
दोन्हीकडून सारखंच जातं, बस.”

अस्वल उद्या परत करते, बिल जपून ठेवलंय.
पण फोडणी करपल्याचा वास येईस्तोवर
मी तिथंच उभी, मोजत:
तिला घरी आणलं त्या दिवशी
आमच्याकडून काय गेलं, तिच्याकडून काय,
आणि ते सारखं होतं का.

मित्रा चटईवर पालथी.
मेंढे पुढच्या पानावरही चुकलाय.
ती खूश आहे.