माटोळीतून उतरवलेले

पहिल्यांदा ते मला उलटे दिसले.
धाव्याला, फटी गावसांच्या घरी, चवथीच्या दुसऱ्या दिवशी,
गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीत.
एका अंगाला कवंडळ, एका अंगाला कांगलां,
सुपारीचा घोस, तोरिंजन,
आणि मध्ये केळीच्या सोपाने बांधलेली
मुळासकट चार बोटांची एक काडी.
फूल मिटलेले.
मी पंचखाद्य हातात धरून तसाच उभा.
फटीबाब म्हणाले, बसा हो मास्तर, पंखा लावतो.
मला वाऱ्याचीच भीती वाटत होती.

आणले कुणी? तर नातवाने, प्रितेशने. सहावीत आहे.
“सड्यार मेळ्ळें. गोरवांफाटल्यान गेल्लों तेन्ना.”
नाव काय ह्याचे?
त्याने खांदे उडवले.
गुरे तोंड लावत नाहीत, औषधाला नाही, भाजीला नाही,
नाव पडेल कशाला?

विसर्जनाला माटोळीही पाण्यात जाते.
एवढे एक मी मागून घेतले.

भिंगाखाली:
पाने समोरासमोर, बिनदेठाची, कडा तांबूस.
खोडावर केस, तेही एकाच रांगेत.
पाकळी फिकी जांभळी, तळाशी पिवळा ठिपका,
हळदीचे बोट टेकल्यासारखा.
पुस्तकात जी ह्याची भावंडे, त्यांना पुंकेसर चार.
ह्याला दोन.
तीनदा मोजले. मग मडगावला
एर्मेलिंडा कुलासोंना फोन लावला
आणि ‘दोन’ म्हणताना माझा आवाज फुटला.

सड्याचे नाव इथे लिहीत नाही.
निबंधातही आम्ही सत्तरी तालुका एवढेच छापले.
काळवंडलेला जांभा, खळग्यात वाटीभर माती,
त्या मातीवर ह्याचा सगळा संसार:
दहाला उघडायचे, एकला मिटायचे,
भादव्यातले बारा-तेरा दिवस, बस.
एर्मेलिंडाबाई रविवारची मिस्सा चुकवून आल्या.
गुडघ्यांवर रांगत आम्ही प्रत्येक रोपाशेजारी
आगपेटीतली एक काडी खोवली.
पेटी पन्नासची.
सात उरल्या.

नियम असा, की नाव द्यायचे तर एक उपटायचे,
दाबून, सुकवून कायमचे कपाटात ठेवायचे.
बाई खुरपे घेऊन बराच वेळ नुसत्या बसल्या.
मग म्हणाल्या, आपले आधीच उपटलेले आहे की.

म्हणून ह्या जातीचा मूळ नमुना तोच, माटोळीतला.
शीटवर सोपाच्या गाठीचा वळ दिसतो,
नाक जवळ नेले तर धूप येतो.
संग्राहकाच्या रकान्यात प्रितेश गावस.
त्याच्या आईने विचारले,
ह्याने पोरावर केसबीस होणार नाही ना?
लॅटिन नाव तिला मी दोनदा वाचून दाखवले.
ती म्हणाली, असू दे, चांगले असेल.

त्याच नावापुढे आता ‘अतिसंकटग्रस्त’ असे लागते.
बारसे आणि हा शेरा, दोन्ही एकाच पानावर.

सड्याच्या खालच्या अंगाला चिऱ्यांची खाण आहे.
पाते फिरते, जांभा वड्यांसारखा कापला जातो,
लाल धूळ वाळपईच्या रस्त्यापर्यंत येते.
मी कुणाला बोलू?
मागच्या साली कर्ज काढून वरचा मजला चढवला,
चिरे दोन हजार शंभर नग. बिल फाइलीत आहे.
कुठल्या सड्याचे, असा रकाना त्यात नाही.

यंदा पोचायला मला उशीर झाला, साडेअकरा वाजले.
प्रितेश आधीच आला होता,
काठी आडवी धरून गुरे अडवत.
काड्या खोवूनही झाल्या होत्या त्याच्या.
कितल्यो उरल्यो रे, मी लांबूनच ओरडलो.
तो बोलला नाही.
खिशातून पेटी काढून त्याने कानाशी हलवली.
मी होतो तिथपर्यंत
आवाज आला.