पाण्याची पाळी

आमच्या विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो.
पाळी नेमकी आज रात्रीची.
शर्यत पहाटे पाचला सुटणार,
पाणी अडीचला येईल, नाहीतर साडेतीनला,
नाहीतर कुणाची तरी मोटर आधीच ओढून घेईल.

खाली मोराची चादर अंथरलीय,
तिच्यावर चार दिवसांचा संसार:
दोन ट्यूबा, पंक्चरचे चट्टे, साखळीच्या दोन कड्या,
मिरचीएवढी तेलाची बाटली, दिव्याचे सेल,
आणि पॅड, कारण तारीख शर्यतीतच पडतेय
आणि तिनं नियम वाचलेले नाहीत.

मी काटा घेऊन बसलेय.
पाना एकशे चाळीस ग्रॅम. रेनकोट नको.
टूथब्रशची दांडी कापली तेव्हा
अम्मा मांडीवरच्या सुपातून मान वर न करता म्हणाली,
"दात पण काढून ठेव की, हलकी होशील."

सायकलच्या त्रिकोणात बसणारी पिशवी
मोबाईलवर अकरा हजारांना होती.
ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या इराप्पानं साडेचारशेत दिली
आणि विचारलं,
एवढ्याशात माल काय भरणार बे?

माल म्हणजे कडक भाकरी.
एकवीस.
ती अख्खी नेता येत नाही,
म्हणून मीच मोडतेय, कट् कट्,
खडी रस्त्यावर मोडण्याआधी.
शेंगाचटणी, गूळ, खजूर,
लिमलेटच्या गोळ्या, पुडीत मीठ.
पुडीला विडीचा दोरा, अम्माच्या गाठीचा,
जो दातानंच सुटतो.

बाहेरची मदत घ्यायची नाही, असा नियम.
स्वतः वाहायचं किंवा दुकानात विकत घ्यायचं.
अम्माला हे पटत नाही.
"मग ही चटणी कुणाची?"
आज दिलीस तर चालते, म्हटलं,
उद्या रस्त्यात येऊन दिलीस तर मी बाद.
तिनं थोडा विचार केला,
उखळात आणखी दोन मुठी शेंगा टाकल्या.
"उद्याची पण आजच घे."

मग उठून तिनं भरलेली पिशवी एका हातात धरली.
सव्वापाच, म्हणाली.
काटा म्हणाला पाच किलो दोनशे साठ.
चाळीस वर्षं तंबाखू तोलून घेतलीय तिनं,
तीही अशाकडून, जो दरवेळी कमीच देतो.

पुण्याचा एकजण फोनवर विचारत होता,
तिसऱ्या दिवशी ऐंशी किलोमीटर ओसाड आहे,
दुकान नाही, हापसा नाही,
छत्तीस डिग्रीत माणशी किती पाणी धरायचं?
काय सांगणार.
तीन माणसं, दोन पिंपं, पाच दिवस.
तांदळाचं पाणी डाळीला,
भांड्यांचं पाणी मोरीला.
हे मी कधी शिकले नाही.
इथे तहान लागण्याआधी
पिंपावरचं झाकण किती खाली गेलंय ते बघतात.

दोन चाळीसला नळ खोकला.
आधी वारा, मग तांबूस पाणी, मग खरं.
गल्ली जागी झाली, घागरी, पाईप, भांडणं.
पिंपं भरली. हंडा, कळशी, बादल्या, कुकरसुद्धा.
शेजारची राजमणी रात्रपाळीला, तिच्याही दोन घागरी.
बाटल्या शेवटी.
पहिली भरली. दुसरी भरली.
तिसरी अर्ध्यावर आली आणि धार सुतासारखी झाली,
मग थेंब, मग नुसता नळ.

नऊशे मिलीची बाटली, साडेचारशेची कमतरता.
मी झाकण लावायला घेतलं.
अम्मानं पिंपात तांब्या बुडवला
आणि तसाच हातात धरून थांबली.
"पाच वाजले काय?"
चारला दहा कमी.
"मग चालतंय."

ती ओतत राहिली.
बाटली काठोकाठ भरली, थोडं ओघळून फरशीवर आलं.
ते तिनं फडक्यानं टिपून घेतलं
आणि फडकं दाराजवळच्या
कढीपत्त्याच्या डब्यात पिळलं.