रीत

सैदाच्या बंदराकडच्या आमच्या शाखेला
आता काच नाही.
पत्रा आहे, राखाडी,
मधोमध टपालपेटीएवढी फट.
तो ठोकायला आलेला वेल्डर तलाल आमचाच खातेदार.
मजुरीचा चेक पुढे केला तेव्हा
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"बाई, हा घेऊन परत तुमच्याच दारात उभा राहू?
रोख द्या."
दिली. मॅनेजरनी, स्वतःच्या खिशातून.

फटीतून माणसं तुकड्यांनी दिसतात.
एक हनुवटी. एक बटण.
पासबुकावर दाबलेला अंगठा.
सगळे एकच विचारतात, पैसा गेला कुठं?
जसा काही माझ्या खुर्चीखाली आहे.

गेला नाही हो कुठं. ठेवला.
तुम्ही आमच्याकडे ठेवला,
आम्ही वरच्या बँकेकडे ठेवला, चढ्या टक्क्यानं,
वरच्या बँकेनं सरकारला दिला,
सरकारनं त्यातून मागचं व्याज भागवलं,
ते तुमच्या पासबुकात उमटलं,
तुम्ही म्हणालात, वा, वाढतोय की,
आणि अजून ठेवला.

तपासनीस दर वर्षी यायचे.
वेलदोड्याची कॉफी मीच आत न्यायची.
एका वर्षी त्यांच्यात एक पोरगा होता,
कोटाच्या बाह्या आखूड पडलेल्या.
त्यानं ताळेबंदाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं,
"हे परत कुठून येणार?"
दुपारी त्याच्या साहेबांनी खोडरबर मागवलं.
मी दिलं.
माझ्याच खणातलं होतं.

आता औषधवाली सल्वा म्हणते, थायरॉइडच्या गोळ्या
बोटीवर आहेत, बोट सायप्रसला आहे,
बोटवाल्याला ताजे डॉलर हवेत.
ताजे! जणू मासळी.
आमच्याकडचे शिळे,
आकडा तोच, रस्त्यावर किंमत रुपयाला दोन आणे.
अबू मरवानचा चेक वटला नाही,
पंपाला डिझेल मिळालं नाही,
नदीकाठची लिंबाची झाडं वठली.
वटणं आणि वठणं,
मध्ये एवढीशी रेघ, एक उन्हाळा.
बेकरीवाल्यानं दोन पोरं कमी केली.
त्यातला एक माझा भाचा.
माझा पगारही इथंच जमा होतो, याच खात्यात.
खातं.
नाव ठेवणाऱ्यानं फसवलं नव्हतं.

आज फटीत एक तर्जनी आली,
खडू धरून धरून टोकाशी वाकलेली.
नाव वाचायच्या आधीच मी उठून उभी राहिले.
उस्ताद फौझी हद्दारा. सातवी ते नववी, गणित.
चक्रवाढ व्याज आम्हाला यांनीच शिकवलं,
फळ्यावर, एवढ्या आनंदानं
की वाटायचं झाडच लावतायत.

बोटामागून वहीचा कागद आला. उदाहरण.
एका निवृत्त माणसाचे बँकेत एक लाख वीस हजार आहेत.
नव्या परिपत्रकाप्रमाणे बँक महिन्याला चारशे देते.
सगळे मिळायला किती वर्षं?

मी मनात केलं. तीनशे महिने.
"पंचवीस, उस्ताद."
"माझं वय अठ्ठ्याहत्तर. मिळव."
"एकशे तीन."
"म्हणजे तुझ्या बँकेनं मला शतायुषी व्हायचा हुकूमच काढलाय.
अल्ला तिचं भलं करो."
रांगेत कुणी हसलं नाही.

कागदावर मी उत्तर लिहिलं, खाली सही केली
(सवय, दुसरं काय),
आणि चारशे मोजून सरकवले.
एका नोटेला चिकटपट्टी होती.
त्यांनी ती उजेडात धरली, खिशात ठेवली.
मग बाहेर, पत्र्याला टेकून, बराच वेळ काही लिहिलं.
मला वाटलं, शिवी असणार.
कालच एकानं दिली होती, माझ्या आईवरून,
आणि आईचेही पैसे इथंच आहेत.

कागद परत आला. लाल शाई.
उत्तर बरोबर.
रीत दाखवलेली नाही.
दहापैकी चार.

घडी करून मी तो खणात टाकला, खोडरबराशेजारी.
"पुढचे कोण?"
फटीत एक हनुवटी आली.