सुकीच्या पात्रातली हिमनदी

सावद्याच्या बर्फाच्या कारखान्यातून
सायकलच्या कॅरिअरला बांधून
फेगडे सरांनी हिमनदी आणली.
गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळून.
मागे रस्त्यावर एक ओली रेघ,
आम्ही बघायला धावलो तोवर वाळलेली.

सातवीचा वर्ग, एप्रिल सरत आलेला.
भिंतीवरच्या नकाशात हिमालय
नेमका घडीवर, आणि घडी फाटलेली.
"चला नदीत," सर म्हणाले.
नदी म्हणजे सुकी. नावच तसं.
सातपुड्यातून निघते तेव्हा असते,
आमच्या गावाशी येईतो
वाळू, गोटे, एका कडेला करंजाची सावली.

लादी उघडली तर भर उन्हात तिच्यातून धूर.
"हात लावू नका." आम्ही लावला.
जुम्मा तडवीला म्हणाले, "ढकल. हळू.
वर्षात दहा-वीस हात, इतकी हळू."
"मंग सर, ती चालते कशाले?"
सर हसले नाहीत.
"वजनानं. वर पडत राहतं,
म्हणून खालच्याला निघावं लागतं."

वाळूत घळ पडली. तळ रुंद, कडा उभ्या.
पुढे गोट्यांचा बांध गोळा झाला,
दोन्ही अंगांना बारीक खड्यांची झालर.
"हा हिमोढ. लिहा."
वही कोणीच आणली नव्हती.
शेजारी त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं,
त्याची घळ निमुळती, चिंचोळी.
"पाणी सुरीसारखं कापतं.
बर्फ रंध्यासारखा तासतो."

उरलेली हिमनदी आम्ही दगडाने फोडून खाल्ली.
दातांत रेती करकरली.
रंजना बऱ्हाटेने एक तुकडा ओढणीच्या गाठीत
घरच्या धाकट्यासाठी नेला.
दारात गाठ सोडली तेव्हा
ओढणी ओली होती, एवढंच.

सरांनी बर्फ पाहिला होता तो कारखान्यातलाच.

आता मी लाहौलात, चंद्रा नदीच्या काठी,
पाण्यात रोवलेली पट्टी वाचतो.
सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा.

दरी तशीच आहे, सर.
तळ रुंद, कडा उभ्या.
बाजूच्या लहान दऱ्या अर्ध्या उंचीवरच तुटलेल्या,
जिना काढून घेतलेल्या माळ्यांसारख्या;
त्यांचे ओढे कड्यावरून थेट खाली उड्या टाकतात.
पाणी निळं नाही हो, चित्रातल्यासारखं.
कळण्याच्या पिठाचे हात धुतल्यावर होतं तसं.
तांब्यात भरून ठेवलं तर सकाळी
तळाशी नखभर साका,
बर्फाने दळलेला डोंगर.

सकाळी नदी इतकी खाली
की बाया गोट्यांवरून पलीकडे जातात.
मग वर, आठ-दहा कोसांवर, ऊन चढतं,
आणि ते ऊन
दिवस कलताना माझ्या पट्टीशी येऊन पोचतं.
दीड फूट. कधी दोन.
रात्री तळाचे दगड गडगडतात,
रावेरहून भुसावळला जाणारी मालगाडी जशी.
ढगाळ दिवशी नदी रोडावते.
पुस्तकात हे होतंच,
अंगाला पटायला दोन उन्हाळे गेले.

रविवारी सरांना फोन करतो.
एक डोळा गेलाय, ऐकू कमी येतं.
"किती?" विचारतात. मी आकडा सांगतो.
"ऊन व्हतं?"
"होतं."
"अठी सेहेचाळीस हाये आज."
मग थोडं थांबून,
"तठी ऊन नदी आनतं. अठी नेतं."

एक गोष्ट सांगायची राहिलीय.
हिमनदीच्या तोंडाशी दगडांवर
लाल रंगात सालं लिहिलेली आहेत,
बर्फ कधी कुठवर होता त्याची.
शेवटल्या दगडापासून आजच्या बर्फापर्यंत
मी पावलं मोजत गेलो
आणि मध्येच आकडा चुकलो.
परत मोजली नाहीत.

गेल्या रविवारी एवढंच म्हणालो,
"यंदा पाणी भरपूर आहे, सर."
पलीकडे पंख्याची घरघर.
बराच वेळ.
मग म्हणाले,
"ती गोनी आठवते का रे, सायकलवरची?
लय गयत व्हती."