बेचाळीस नंबरची तार

परकारचाचांच्या दुकानाबाहेर पंखे उघडे पडलेले असतात,
पोटातलं तांबं दिसतं.
लॅमिंग्टन रोडच्या मागची गल्ली. बोर्डावर मिक्सर, मोटार, पाण्याचे पंप,
आणि अगदी खाली, नंतर कधीतरी रंगवलेलं :
गिटार पण.

मी बेस काउंटरवर आडवा ठेवला.
काय होतंय?
म्हटलं, ऐकू यायला लागलंय याला.

परवा परळच्या हॉलमध्ये आमचा निवेदक टिपणीस
माझ्या शेजारी उभा राहून शिंकला,
हातात माइक नव्हता.
शिंक माझ्या अँपमधून आली. खर्जात.
लोकांनी टाळ्या दिल्या, त्या टाळ्याही आल्या.

चाचा हसले नाहीत.
मेण सुटलंय आतलं, म्हणाले.
पिकअपनं फक्त लोखंड ऐकायचं.
लाकूड नाही, माणूस नाही.
तार हलली की तेवढंच.
वेटोळी ढिली झाली, की मग तो सगळ्याच भानगडीत पडतो.

बदलायचं तर कुठलं घेऊ?
आमचा ड्रमर हेरंब म्हणतो, बॅटरीवालं घे, नऊ व्होल्ट,
एकदम स्वच्छ.
मी सतरा वर्षं पॅथॉलॉजीत आहे,
स्वच्छ म्हणजे काय ते मला माहीत आहे :
रिपोर्टमध्ये काही न सापडणं.
कीबोर्डवाला ओसवाल म्हणतो, कुठलंही घे, बेस कोण ऐकतं?
खरं आहे.
मी थांबले की लोक एसीकडे बघतात,
बंद पडला की काय म्हणून.

चाचांनी खण उघडला.
एक जपानी, जुनं, सिरॅमिक चुंबकाचं, आवाज टणक.
एक दोन कॉइलचं, दोन्ही एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या,
घरघर आपसात मिटवून टाकणाऱ्या,
मालक-भाडेकरू कोर्टाबाहेर मिटवतात तशा.
आणि एक नुसतंच रीळ.
हे मी गुंडाळून देतो. फेरे किती, ते तू सांग.
कमी घेतलेस तर मोकळं बोलेल,
जास्त घेतलेस तर जाड, पण वरचं मरतं.

असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं.
साडेआठ हजार, मी म्हटलं,
पाव किलो भेंडी म्हणावं तसं.

पंख्याचीच मोटार, तिच्यावर चकती,
बेचाळीस नंबरची तार, केसाहून बारीक,
दिव्यासमोर धरली तरच असलेली.
डाव्या तर्जनीवर बारीक खाच, तिच्यातून ती सरकत होती.
कॅल्क्युलेटरला वायर जोडलेली,
दर फेऱ्याला एक अधिक एक अधिक एक.
मी आकडे बघत राहिले,
मध्ये चहा आला, निवला,
शेजारच्याने दोनदा स्क्रूड्रायव्हर मागितला,
आणि सहा हजार एकशे बाराला
तार तुटली.

आवाजही झाला नाही. आकडा थांबला म्हणून कळलं.
जोडू? की पहिल्यापासून?
मग स्वतःच म्हणाले, थांब,
दोन टाके मारले आणि वाजव म्हणाले.

मी खालची मी वाजवली.
काउंटरवरचे स्क्रू थरथरले,
वर टांगलेलं एक पातं किंचित वळलं.
आवाजात जागा होती.
खूप भाडं भरून न मिळालेली, तेवढी जागा.
राहू दे, मी म्हटलं, एवढंच.

स्टोव्हवर मेण वितळत होतं,
माहीमच्या नोव्हेनातल्या उरलेल्या मेणबत्त्या,
वाती बाजूला काढून ठेवलेल्या.
नवीन बुडवलं. बुडबुडे आले, थांबले. झालं बहिरं.
मग जुन्याकडे बोट :
गळ्याजवळचं हे? हेही बुडवू?

नको.
शिंका येतील.
येऊ देत.

शेवटी त्यांनी तारेखाली
रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकवली.
एवढं अंतर ठेव.
जवळ नेलंस तर चुंबक तारेला ओढतो, सूर ढळतो.
लांब नेलंस तर मग कशाला बसवलं?
पेचकस अर्धा फिरवला, पाव परत.

बिल आठशे अठ्ठेचाळीस. मी आठशे पन्नास दिले.
सुटे नाहीत म्हणता म्हणता त्यांनी
तारेखालचीच दोन नाणी काढून
माझ्या हातावर ठेवली.